खडकाचं देणं, खड्याचं घेणं

गेल्या महिन्यात मी नाशिकला ताईकडे गेलो होतो. पाथर्डी फाट्याजवळ तिचं घर. सकाळी डोक्याला साबण लावला आणि काय सांगू, फेसच येईना! केसांची केरसुणी झाली. बाहेर आलो तर भाची हसत उभी. "मामा, आज बोअरचं पाणी आहे. नळाचं काल होतं!"

ताईला मात्र हसू येत नव्हतं. वर्षात दोनदा गिझरची कॉइल जळली होती, तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या आणि तुरीची डाळ किती शिट्ट्या केल्या तरी शिजत नव्हती. आदल्या दिवशी एक विक्रेता आला होता. त्यानं पाण्यात पेनासारखं यंत्र बुडवून मोठा आकडा दाखवला आणि अख्ख्या घराचं पाणी मऊ करणारा सॉफ्टनर घ्या म्हणाला. पैसे होते, पण भाचीच्या सायकलीसाठी साठवलेले!

आता गंमत बघा. नाशिकच्या नळाला येणारं गंगापूर धरणाचं पाणी म्हणजे बहुतेक डोंगरावरून वाहत आलेला पाऊस. बोअरचं पाणी मात्र खडकात मुरलेलं. मुरताना ते मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि काळ्या पाषाणातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत आणतं. पाठ्यपुस्तकातलं दुष्फेन पाणी ते हेच. साबण या दोघांशी आधी जुंपतो आणि त्याचा चिकट साका होतो. पाणी तापलं की कॉइलवर पांढरा थर बसतो. मग कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही आणि ती आतल्या आत जळते.

भाचीनं आणि मी प्रयोग केला. तुम्हीही करा. तीन सारख्या बाटल्यांत सारखंच पाणी घ्या : एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत नळाचं, तिसरीत बोअरचं. अंगाच्या साबणाचा कीस डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा आणि ते द्रावण थेंब थेंब घालत बाटली हलवा. टिकाऊ फेस यायला किती थेंब लागले ते मोजा. (शाम्पू किंवा डिटर्जंट नको, ते जड पाण्यालाही दाद देत नाहीत.) आमच्या बोअरच्या बाटलीत बराच वेळ नुसता साकाच तरंगत होता.

आणि विक्रेत्याचं ते पेन? ते पाण्यातून वीज किती वाहते यावरून सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतं. जडपणा वेगळा मोजावा लागतो. म्हणून आम्ही पाणी प्रयोगशाळेत दिलं. उत्तर आलं : लिटरला 400 मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात 200 पर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालतो.

सॉफ्टनर काय करतो? त्याच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. म्हणजे क्षार जात नाहीत, अदलाबदल होते. सॉफ्टनरनंतरही पेनावरचा आकडा जवळजवळ तोच येतो तो यामुळे! मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुवायचे, की पुन्हा कामाला तयार.

ही युक्ती माणसाला झिओलाइट नावाच्या खनिजांनी शिकवली. जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी 1905च्या सुमारास कृत्रिम झिओलाइटनं पाणी मऊ करून दाखवलं. आणि नैसर्गिक झिओलाइट कुठे सापडतात? आपल्या नाशिकच्या काळ्या पाषाणात! लाव्हारसातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत हे स्फटिक वाढले. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात ते बघायला मिळतात. मात्र खडा आणून टाकीत टाकू नका हं, इकडच्या बऱ्याच झिओलाइटांत मुळात कॅल्शियमच भरलेलं असतं.

मग भाची वही घेऊन बसली. घराला बोअरचं रोज 500 लिटर पाणी लागतं, म्हणजे 200 ग्रॅम जडपणा. एक लिटर रेझिन सुमारे 50 ग्रॅम धरतं. पाच दिवसांतून एकदा मीठ द्यायचं तर 20 लिटर रेझिन हवं, आणि दर खेपेला दोन-तीन किलो मीठ. पण फरशी पुसायला आणि संडासाला मऊ पाणी कशाला? अंघोळ आणि कपडे, एवढंच धरलं तर 150 लिटर. तेवढ्याला सहा लिटर रेझिन पुरतं! स्वयंपाकाला आणि प्यायला नळाचंच पाणी भरून ठेवायचं ठरलं. आजोबांना रक्तदाब आहे, त्यांच्या पोटात जास्तीचं सोडियम नको. धुतलेलं खारट पाणी कुंड्यांना घालायचं नाही, हेही तिनं लाल पेनानं लिहिलं.

रविवारी विक्रेता पुन्हा आला. भाचीनं विचारलं, "काका, यात रेझिन किती लिटर आहे?" ते म्हणाले, "विचारून फोन करतो." अजून फोन आलेला नाही. भाची मात्र सायकलच्या दुकानात दोनदा जाऊन आली आहे.