‘लास्ट’ किती?

जुनी वस्तू विकायला काढली की पहिला मेसेज काय येतो माहितीये? ‘अजून आहे का’ नाही, ‘किती वर्षं वापरली’ नाही, ‘बघायला कधी येऊ’ तर नाहीच नाही. ‘लास्ट किती?’ बस्स! ना नाव ना गाव. वस्तू बघितलेली नाही, बिल आहे का विचारलेलं नाही, आणि थेट शेवटची किंमत. अहो, पहिल्या किमतीवरच अजून बोलणं झालं नाही, तर शेवटची कुठून आणू?

गैरसमज नको, मंडळी. मी घासाघिशीच्या विरोधात अजिबात नाही. उलट जुन्या वस्तूची किंमत घासाघीस न करता ठरूच शकत नाही असं माझं मत आहे. नव्या फ्रिजवर एमआरपी छापलेली असते. चार वर्षं वापरलेल्या फ्रिजवर काय छापणार? तो मधे बिघडला होता का, कॉम्प्रेसर बदललाय का, हे फक्त मालकाला माहीत. घेणाऱ्याला दिसतात ते तीन फोटो, त्यातला एक दार उघडून काढलेला.

ही भानगड जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली एका निबंधात मांडली होती. उदाहरण होतं सेकंडहँड गाड्यांचं. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि भंगार गाडी यातला फरक कळत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. मधल्या भावात चांगली गाडीवाला विकत नाही, घरी जातो. मग बाजारात उरतं काय? भंगार! (यासाठी २००१ साली त्याला आणखी दोघांबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) माझ्या डोक्यात यावरून एक गोष्ट पक्की बसली: जुन्या मालाच्या घासाघिशीत खरं काम माहितीचं असतं. तुम्ही विचारता, तो सांगतो, तुम्ही बोट ठेवता, तो थोडं उतरतो. ‘लास्ट किती’वाला हे सगळं टाळून फक्त आकडा मागतो. त्याला मिळतोही फक्त आकडाच, आणि तोही फुगवलेला.

आता गंमत बघा. आमच्या पिढीला चाकण म्हटलं की मोटारींचे कारखाने आठवतात. पण त्याच चाकणला जनावरांचा बाजार भरतो, आणि या विषयातली रीतभात शिकायची तर ती तिथे. चालता बैल म्हणजे सेकंडहँडच माल की! कुणाच्या तरी शेतात तो राबलेला असतो. घेणारा आधी दात बघतो: दोन दाती, चार दाती, सहा दाती, का जुळलेला. मग चालवून बघतो. मारका आहे का, कामात बसतो का, ही खोड विचारतो. आणि मग जुन्या पद्धतीत भाव तोंडाने बोलतच नाहीत. दोघं रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटांच्या खुणांनी आकडा ठरतो. भोवती दहा माणसं उभी असतात, पण कोण कितीवर आलं हे त्यांना दिसत नाही. सौदा मोडला तरी विकणाऱ्याचा भाव चारचौघांत पडलेला नसतो. जमला, तर इसार. थोडे पैसे हातावर ठेवले की विकणारा दुसऱ्याला देत नाही आणि घेणारा खाली येत नाही.

म्हणजे आधी बघणं, मग बोलणं, मग इसार. आपण हा क्रम उलटा केलाय. आधी न बघता शेवटचा भाव, मग बघणं, आणि मग दारात उभं राहून परत भाव.

या दारातल्या घासाघिशीबद्दल मला खरं बोलायचं आहे. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपतं, माणूस वाकडचं नाहीतर खराडीचं घर रिकामं करत असतो. वॉशिंग मशीन फोनवर सात हजाराला ठरलेलं असतं. खाली टेम्पो आलेला, संध्याकाळी घरमालकाला किल्ली द्यायची आहे. आणि नेमकं तेव्हा, "सर, झाकणाला चीर आहे. पाच करा ना." चीर खरंच फोटोत दिसत नसेल, सांगितली नसेल, तर शंभर टक्के बोला. तो तुमचा हक्क आहे. पण ती चीर फोटोत होती, मेसेजमध्ये लिहिली होती, आणि त्यासकट सात ठरले होते! मधल्या काळात मशीनमध्ये काहीच बदललं नाही. बदललं ते एवढंच की विकणाऱ्याकडे आता दुसरं गिऱ्हाईक शोधायला वेळ नाही.

२०२३ मध्ये आयटीत धडाधड नोकऱ्या गेल्या, तेव्हा आमच्या ओळखीतल्या एकाचीही गेली. घर सोडून गावी जायचं ठरलं. सरळमार्गी माणूस, त्याने जाहिरातीत कारणही लिहिलं: ‘नोकरी गेल्यामुळे तातडीने विकणे आहे.’ आले ते सगळे आपल्यातलेच, गळ्यात कंपनीचा पट्टा घातलेले. एक जण साडेचार हजाराचं टेबल ठरवून गेला होता. न्यायला आला तेव्हा म्हणाला, "दोन देतो. उद्या तुम्ही फुकट द्याल." दिलं. काय करणार? मी सामान बांधायला मदत करत होतो. मित्राचे वडील बार्शीहून आले होते, ते पुस्तकं खोक्यात भरत होते. टेबल लिफ्टमधून गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "इसार नव्हता घेतला का रे?"

यावर आमच्या हापिसातल्या एका मित्राचं म्हणणं असं की बाजार हा बाजार असतो. त्याने दोन हजारात दिलं म्हणजे त्या दिवशी त्याची तेवढीच किंमत होती. कुणी बंदूक रोखली होती का? हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. घाई असेल तर सूट मिळणारच. विकणाऱ्याने स्वतःच ‘आज नेलं तर हजार कमी’ म्हटलं, तर खुशाल घ्या, त्याने आपल्या घाईची किंमत स्वतः लावली आहे. पण शब्द देऊन, त्याची बाकीची गिऱ्हाइकं परत पाठवायला लावून, मग शेवटच्या तासाला तीच घाई त्याच्याविरुद्ध वापरायची, हा बाजार नाही. ही अडवणूक आहे. टेबलाच्या खोडीवर भाव पाडा, पाहिजे तेवढा पाडा. माणसाच्या अडचणीवर नको.

आणि याचा परिणाम आपल्याच अंगावर येतो. त्या मित्राने पुढची वस्तू विकताना कारण लिहिलं नाही. किंमत दोन हजार वाढवून लिहिली, कारण ‘दारात कापणारच आहेत’. चिरा-ओरखडेही सांगितले नाहीत. सांगून उपयोग काय, सांगितल्यावरही कापतात. अकेरलॉफसाहेबांचा बाजार असाच तयार होतो.

विकणारे तरी कुठे धुतल्या तांदळाचे! ‘फिक्स रेट, बार्गेनिंगवाल्यांनी लांब राहावे’ लिहायचं आणि फोटो टाकायचे नवीन असतानाचे. ‘घेतला तेव्हा चाळीस हजारांचा होता’ हा तर राष्ट्रीय संवाद आहे. होता ना, तेव्हा! लॅपटॉपचंच घ्या. सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असेल तर विंडोज ११ त्यावर सहसा अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हे बोलून दाखवलं तर तो अपमान नाही, तो भाव आहे. एसी-फ्रिजवरच्या तारांचंही तसंच, लेबलवरचं वर्ष बघा. निकष मधून मधून कडक होतात, तेव्हाचे पाच तारे आजचे पाच नसतात. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. असं बोट ठेवून मागितलेले हजार रुपये समोरचा कुरकुरत का होईना, पण देतो.

इसाराबद्दल एक सावधगिरी. वस्तू बघायच्या आधी यूपीआयवर ‘टोकन’ मागणारा, त्यातून ‘मी फौजेत आहे, बदली झालीये’ असं सांगणारा भेटला तर फोन ठेवा. उलटही होतं, ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’. पैसे घ्यायला पिन लागत नाही! इसार द्यायचा तो वस्तू बघून, माणूस बघून. आणि तेव्हाच मेसेजमध्ये लिहून टाकायचं: किंमत, सोबत काय काय, दोष कोणते, न्यायला कधी येणार. चार ओळी. मी तर नेहमी लिहितो. लोक हसतात, हसू देत.

ज्यांचं पोट यावर आहे त्यांच्याशी भाव करायची रीत जराशी वेगळी. वर्षानुवर्षं बुधवारी आणि रविवारी भरत आलेल्या पुण्याच्या जुन्या बाजारात दुकानदाराने सहाशे म्हणायचं, आपण दोनशे म्हणायचं, पाठ फिरवून चालू लागायचं, हे त्यालाही अपेक्षित असतं. तिथे नियम एकच. त्याने मागून हाक मारून आपल्या आकड्याला ‘घ्या’ म्हटलं तर घ्यायचं. ‘असंच विचारलं हो’ हे चालत नाही. रद्दीवाल्याशी मात्र किलोमागे दोन रुपयांसाठी वाद घालणाऱ्यांना मी हात जोडतो. काटा जरूर तपासा. पण चार मजले तो उतरवणार आहे.

आणि जिथे खरंच चिकटपणा करायला हवा, तिथे आपण ढिले. बाईक घेताना हेल्मेट फुकट मिळावं म्हणून अर्धा तास, आणि फॉर्म २९ आणि ३० वर सह्या? ‘करू नंतर.’ आरसीवरचं नाव बदललं नाही तर कायद्याच्या नजरेत मालक जुनाच राहतो. अनेक हात फिरलेल्या एका गाडीच्या अपघातात नुकसानभरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या पहिल्या मालकाची, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं. विम्याचा नो क्लेम बोनसही गाडीबरोबर येत नाही, तो विकणाऱ्याचा असतो. म्हणजे ‘बोनससकट देतो’ म्हणून कुणी दोन हजार जास्त मागत असेल तर तिथे घासा की, मनसोक्त घासा!

असो. उद्या सकाळी औंधला एक गियरची सायकल बघायला जातोय. साडेसहा सांगितलेत. चेन मूळचीच आहे म्हणतात, मागचं चाक फोटोत किंचित वाकडं वाटतंय. बघून येतो, मग बोलेन त्यांच्याशी.