पळसाला पानं किती? मुलांना मोजायला न्या

घरातल्या मुलाला सहज विचारा, "पळसाला पानं किती?" म्हण कानावरून गेली असेल तर ते "तीन" म्हणेल. मग त्याला ह्या माघात एखाद्या खऱ्या पळसाखाली उभं करा. झाडावर पानं जवळपास नाहीतच. नुसत्या वाकड्यातिकड्या काळपट फांद्या आणि त्यांना लगडलेली केशरी फुलं. आता प्रश्न विचारायची पाळी मुलाची: "मग पानं गेली कुठे?"

हा प्रश्न मुलांना पडावा, एवढ्यासाठीच हे आवाहन. थंडी ओसरली आहे, ऊन अजून पोळत नाही, पायाखाली चिखल नाही. मार्चमध्ये परीक्षा येतील, एप्रिलमध्ये घराबाहेर पडवणार नाही. मधले हे चार-पाच आठवडे हातचे घालवू नका. आठवड्यातून निदान दोनदा, तास-दीड तास मुलांना मातीत सोडा.

त्यासाठी सहल काढायला नको. जवळची टेकडी, गावाबाहेरचा माळ, शेताचा बांध, सोसायटीमागची मोकळी जागा, काहीही चालेल. तिथलं एक झाड मुलालाच निवडू द्या आणि दर रविवारी त्याच झाडाकडे जा. काटेसावर मिळाली तर उत्तमच. तिचं फूल पडताना धप्प आवाज होतो. पडलेलं फूल हातात घेतलं की जाड, मेणचट अशा पाच लाल पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचा झुबका दिसतो. तो बाजूला केला की आत बहुतेक वेळा मुंग्या सापडतात. वर पाहिलं तर साळुंक्या, बुलबुल, कावळे आणि खारी यांची एकच पंगत बसलेली असते. पानांचा आडोसा नसल्यामुळे ही लाल फुलं पाखरांना लांबूनही दिसतात.

पानं का गळतात, तेही तिथेच सांगता येईल. आपल्याकडे त्याचं मुख्य कारण थंडी नव्हे. जमिनीतली ओल आटत चाललेली असते आणि पानांवाटे पाणी उडून जातं. पुढचा उन्हाळा काढायचा तर झाडाला हा खर्च आवरावा लागतो.

दुसरी गंमत जुन्या घराच्या वळचणीला किंवा ओट्याच्या कडेला सापडेल. तिथल्या कोरड्या, भुरभुरीत मातीत नरसाळ्यासारखे इवले खड्डे दिसतात. प्रत्येकाच्या तळाशी मुंग्या पकडणारी एक अळी दबा धरून असते. काडीने कडेची माती हलकेच सरकवा. मुंगी आली असं समजून ती खालून माती उडवते. हे पाहत उकिडव्या बसलेल्या मुलाला "लक्ष दे" असं सांगावं लागत नाही.

मोठ्यांना एक विनंती. तिथे शिकवणी उघडू नका. नाव येत नसेल तर "मला नाही माहीत, घरी जाऊन शोधू" म्हणा. आजी-आजोबांना बरोबर न्या. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा "टुक टुक" आवाज ऐकून तांबट पक्षी ओळखणारे कान अजून त्यांच्याकडे आहेत. आणि मूल नुसतं दगड रचत बसलं, तर बसू द्या. फोन मात्र तुमचाही खिशात राहू दे.

"अभ्यास बुडेल" म्हणणाऱ्यांना कोसबाडची आठवण करून द्यावीशी वाटते. गुरं राखायला जाणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. माळ हाच वर्ग होऊ शकतो, हे आपल्याच मातीत कधीच सिद्ध झालं आहे. आणि चष्म्याची काळजी असेल तर हेही ऐका. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवून पाहिलं. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत इतर शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं होतं. बाहेर राहणाऱ्यांत हे प्रमाण ३०.४ टक्के होतं.

काळजी मात्र घ्या. सकाळी लवकर किंवा पाचनंतर जा, टोपी आणि पाणी विसरू नका. वाळक्या पाचोळ्यात थेट हात घालू देऊ नका, आधी काठीने चाळवा. आग्यामोहोळ दिसलं तर दगड, धूर, आरडाओरडा काही नको, मुकाट्याने मागे फिरा. खाजकुयलीच्या लवदार शेंगा मुलांना लांबूनच ओळखायला शिकवा. एकदा अंगाला लागली की ती संध्याकाळ खाजवण्यातच जाते.

परत येताना पळसाखाली पडलेली फुलं ओंजळभर वेचून आणा. झाडावरची तोडू नका, ती पाखरांची आहेत. घरी सावलीत वाळवून ठेवा. होळीनंतर रंग खेळायच्या आदल्या रात्री गरम पाण्यात भिजत घाला, सकाळी पिवळा-केशरी रंग तयार. मुलाने स्वतः वेचून केलेला रंग कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आणि उन्हाळ्यात पालवी फुटली की त्याच पळसाखाली पुन्हा जा. तेव्हा मुलाला एक देठ हातात धरून मोजू द्या. तीन भरली, तर ती म्हण त्याची झाली.