दुधाचे दात : ‘पडणारच’ म्हणून उपेक्षा कशासाठी?

‘दुधाचेच दात, आज ना उद्या पडणार. त्यांवर पैसा कशाला घालवायचा?’ लहान मुलाच्या दाढेत काळा खड्डा दिसला की मराठी घरांतून हा प्रश्न हमखास ऐकू येतो. मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढणारे पालकही येथे स्वस्थ बसतात. ही काटकसर प्रत्यक्षात फार महाग पडते.

दुधाचे दात एकूण वीस. त्यांतील पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत जागेवर असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून किमान सहा वर्षे काम करावयाचे असते. या दातांचे कवच पातळ असल्याने कीड लवकर नसेपर्यंत पोहोचते. मग ठणका, सूज, रात्रीची जाग आणि जेवणाची टाळाटाळ सुरू होते. दाढ अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात आणि मागून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते.

कीड लागते कशी, हे वसईजवळच्या गिरीजसारख्या गावात सहज समजावून देता येईल. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी ही वसईची जुनी ओळख. तिची घट्ट गोडी दाढांच्या खाचांत चिकटून राहते. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळविते. जेवणासोबत सुकेळी खाऊन चूळ भरली, तर धोका कमी. दिवसभर काहीतरी गोड चघळत राहणे घातक. आज सुकेळीची जागा बिस्किटे, चॉकलेटे आणि झोपताना तोंडात दिलेली गोड दुधाची बाटली यांनी घेतली आहे.

उपचार वेळेवर केले तर ते सोपे असतात. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसतो, तेव्हा फ्लोराईडचा लेप पुरेसा ठरू शकतो. खड्डा पडल्यावरही सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईडचा थेंब लावून कीड थोपविता येते. त्यास यंत्र लागत नाही, टोचणीही नाही. केवळ किडलेला भाग काळा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. नसेपर्यंत कीड गेल्यावर मात्र नसेचा उपचार आणि वर धातूची टोपी, हा लांबचा व खर्चाचा मार्ग उरतो.

व्यवस्था नाही, असेही म्हणता येत नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित असून दंतक्षयाचा त्यात समावेश आहे. पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रलला उतरले की महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे. उणीव आहे ती तपासणीनंतरच्या पाठपुराव्याची. चिठ्ठी मिळाली, पण मूल दवाखान्यात पोहोचले का, हे विचारणारे कोणी नसते.

हे काम वस्तीतील कार्यकर्त्यांना आणि माता-भगिनींना सहज करता येण्याजोगे आहे. पहिला दात येताच घासणे सुरू व्हावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे वाटाण्याएवढी फ्लोराईडयुक्त पेस्ट पुरते. महिन्यातून एकदा उजेडात मुलाचा ओठ वर करून दात पाहावेत आणि पांढरा डाग दिसताच दंतवैद्य गाठावा. ठणका लागण्याची वाट पाहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. आणि त्या विहिरीची किंमत मोजावी लागते ती चार वर्षांच्या लेकराला.