मुक्या जिवाचा कंठ

कुत्रा रात्रभर भुंकतो आणि शेजाऱ्यांची झोपमोड होते. म्हणून काही ठिकाणी त्याला भूल देऊन त्याच्या स्वरतंतूंचा भाग कापून टाकतात. मग भुंकण्याऐवजी केवळ एक घोगरा, क्षीण आवाज उरतो. मालक म्हणतो, "कुत्र्याला घराबाहेर घालवण्यापेक्षा हे बरे!" शेजाऱ्यांची झोपही मोलाची आहे, हे मला मान्य आहे. परंतु मुलांनो, कुत्रा का भुंकतो, हे आधी पाहावयास नको काय? कधी त्याला परक्याची चाहूल लागलेली असते, कधी तो भ्यालेला असतो, तर कधी दिवसभर साखळीला एकटा बांधलेला असल्याने कंटाळलेला असतो. कंठ कापल्याने त्याची भीती वा एकटेपणा नाहीसा होत नाही. आपल्याला तो ऐकू येईनासा होतो, इतकेच. रडणाऱ्या बालकाचे तोंड दाबल्याने त्याची भूक भागते काय? ही शस्त्रक्रिया रोग बरा करण्यासाठी नसते. म्हणूनच पाळीव प्राण्यांच्या रक्षणासाठी १९८७ साली झालेल्या युरोपीय करारात ती निषिद्ध ठरवली आहे. कुत्र्याला फिरवावे, शिकवावे, सोबत द्यावी. यास वेळ लागतो खरा; पण तेवढा वेळ ज्याच्यापाशी नाही, त्याने कुत्रा पाळूच नये.