सटवाईचा लेख कोणी बदलला?



घरीं मूल जन्मलें म्हणजे पांचव्या रात्रीं आपण पाटा पुजतों, जवळ कोरा कागद व लेखणी ठेवतों आणि दिवा रात्रभर विझूं देत नाहीं. सटवाई येऊन बाळाच्या कपाळीं आयुष्याचा लेख लिहून जाते, अशी समजूत आहे. पुढें तें मूल चार महिन्यांत गेलें तर आई म्हणते, "इतकेंच लिहिलें होतें." बाप मान खालीं घालतो. त्या माउलीच्या दुःखाची थट्टा आम्हांला करावयाची नाहीं. पण एक प्रश्न विचारल्यावांचून राहवत नाहीं : गेल्या शंभर वर्षांत हा लेख इतका बदलला कसा?

आंकडे पाहा. १९११ ते १९२१ या दशकांत हिंदुस्थानांत माणसाचें सरासरी आयुर्मान सुमारें २० वर्षें होतें. १९४१ ते १९५१ मध्यें तें ३२ च्या आसपास आलें. १९७० ते १९७५ मध्यें ५० ला भिडलें. २०१६ ते २०२० च्या नमुना नोंदणींत तें ७० झालें, आणि महाराष्ट्राचें ७२ च्या वर गेलें.

कोणी म्हणेल, "आमचे आजोबा नव्वद वर्षें जगले, मग हे वीस कुठले?" शंका रास्त आहे. सरासरी वीस म्हणजे सारे विसाव्या वर्षीं मेले असें नव्हे. एका घरीं चार मुलें झालीं असें धरा. दोन जेमतेम वर्षाचीं होऊन गेलीं, एक मुलगी अठराव्या वर्षीं बाळंतपणांत गेली, एक मुलगा साठ वर्षें जगला. बेरीज ८०, चौघांवर वांटली कीं २०. तो साठ वर्षांचा म्हातारा पारावर बसलेला सर्वांना दिसतो ; पाळण्यांतून गेलेलीं दोन मात्र कोणाच्या हिशेबांत नसतात. जुनें सारें चांगलें होतें असें म्हणणाऱ्यानें आधीं हा हिशेब करावा.

त्या वेळीं मरण कसें येई? १८९६ सालीं मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग शिरला आणि लोक घरेंदारें टाकून पळाले. आपलें पडघा मुंबई-आग्रा रस्त्यावरचें गांव. ज्या रस्त्यानें माल जातो त्याच रस्त्यानें साथही चालते. त्या प्लेगानें १८९७ च्या फेब्रुवारींत गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे नेले, आणि १० मार्चला पुण्यांत रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाई फुले गेल्या. पुढें १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. त्यांत देशांत एक कोटीहून अधिक माणसें मेलीं. १९२१ च्या शिरगणतींत लोकसंख्या १९११ पेक्षां कमी भरली.

मग लेख कोणी बदलला? नवस, गंडे, दोरे तर तेव्हांही होते, उलट आजच्यापेक्षां अधिक होते. बदल केला तो लसीनें : देवीचा शेवटचा रोगी या देशांत १९७५ सालीं सांपडला. बदल केला १९५३ पासूनच्या हिंवताप मोहिमेनें, झांकलेल्या विहिरीनें व नळाच्या पाण्यानें. बदल केला मीठ-साखर-पाण्यानें : १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं पटकीच्या रोग्यांना तें पाजून हजारों जीव राखले. बदल केला गांवच्या नर्सबाईनें आणि शिकलेल्या आईनें. पूर्वीं या देशांत बाया पुरुषांपेक्षां लवकर मरत. १९८० नंतर तें उलटलें, आणि आज बाईचें आयुर्मान पुरुषाहून अधिक आहे. मुलगी शाळेंत घालणें हेंही औषधच ठरलें.

पण बंधूंनो, येथें टाळी वाजवून उठूं नका. सरासरी मोठी लबाड असते. जमीनदाराचें शंभर खंडी भात आणि कुळाची रिकामी कणगी यांचीही सरासरी पन्नास खंडी निघते. कुळाचें पोट त्यानें भरतें काय? देशांतील नऊ राज्यांच्या २०१०-११ च्या पाहणीवरून असें दिसलें कीं, वरच्या जातींतील हिंदूंपेक्षां दलितांचें आयुर्मान तीन वर्षांहून अधिक कमी, आणि आदिवासींचें चार वर्षांहून अधिक कमी आहे. गरिबी जमेस धरूनही सगळा फरक मिटत नाहीं. महाराष्ट्र त्या पाहणींत नव्हता, म्हणून आपण सुटलों असें कोणी समजूं नये. १९९२-९३ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत, जव्हारच्या वावर-वांगणींत मुलें भुकेनें व रोगानें मेलीं, तेव्हांही राज्याची सरासरी वरच चढत होती.

आपल्या भिवंडी तालुक्यांत पाहा. पावसाळा सरला कीं कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर येतात. भट्टीवर जन्मलेलें मूल मूळ गांवच्या वहींत नसतें, आणि भट्टीच्या गांवींही त्यास कोणी आपलें म्हणत नाहीं. तें गेलें तर त्याचा मृत्यूही कागदावर येत नाहीं. यंत्रमागावर बारा बारा तास कापसाची धूळ गिळणाऱ्या कामगाराचें आयुष्य किती घटतें, तें कोणत्या रकान्यांत लिहिलें जातें? नमुना नोंदणी राज्याचा आंकडा देते. पाड्याचा देत नाहीं. जें मोजलें जात नाहीं त्यासाठीं पैसा मंजूर होत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. १९६९ च्या कायद्याप्रमाणें जन्म व मृत्यू २१ दिवसांच्या आंत कळवावा लागतो, आणि त्यास फी पडत नाहीं. आपल्या घरचा जन्म लिहवा, मृत्यूही लिहवा, आणि भट्टीवरच्या बिऱ्हाडाचाही लिहवा. ग्रामसभेंत उभे राहून विचारा : या वर्षीं कोणत्या पाड्यांत किती मेले, किती वयाचे होते, आणि कशानें मेले? आदिवासी भागांत तीन हजार वस्तीस एक आरोग्य उपकेंद्र, हें सरकारचेंच माप आहे ; तें आपल्या पाड्यांस लागू केलें आहे कीं नाहीं, याचा जाब घ्या.

पांचवीचा पाटा पुजावयाचा असेल तर खुशाल पुजा. परंतु त्या कोऱ्या कागदावर लिहिण्याचें काम सटवाईवर सोडूं नका. लेखणी पाट्याजवळच आहे. ती उचला, आणि सकाळीं ग्रामपंचायतीची वाट धरा.