‘कॉपी पूर्ण’ म्हणजे नेमके काय?

सीटी स्कॅनची एक प्रतिमा साधारण अर्ध्या एमबीची असते आणि एका तपासणीत अशा शेकडो प्रतिमा निघतात. हे फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायला तेवढ्याच आकाराच्या एका व्हिडिओपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. त्यातही एक सॉफ्टवेअर हे काम झटपट उरकते, दुसरे रेंगाळते. संगणक तोच, पेनड्राइव्ह तोच. मग फरक पडतो कशाने?

पहिले कारण फाइलींच्या संख्येत आहे. नाव नोंदवणे, जागा राखणे, अँटिव्हायरसची तपासणी हे सोपस्कार प्रत्येक फाइलमागे नव्याने करावे लागतात. काही सॉफ्टवेअर फाइली एकामागून एक नेतात. विंडोजमधील ‘रोबोकॉपी’सारखी साधने सांगितल्यास एका वेळी अनेक फाइली हाताळतात. एसएसडीवर याचा फायदा होतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर मात्र वाचन-लेखन करणारे हेड सारखे इकडून तिकडे धावते आणि काम उलट मंदावू शकते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. ऑपरेटिंग सिस्टीम बरेचदा माहिती आधी रॅममध्ये घेते आणि मागाहून पेनड्राइव्हवर उतरवते. रॅममध्ये पोचताच ‘पूर्ण’ म्हणणारे सॉफ्टवेअर वेगवान भासते. माहिती प्रत्यक्ष उतरेपर्यंत थांबणारे, किंवा मूळ फाइल आणि प्रत पुन्हा वाचून ताडून पाहणारे सॉफ्टवेअर संथ वाटते. अ‍ॅपलच्या एपीएफएस पद्धतीत तर त्याच डिस्कवरील प्रत क्षणात तयार होते, कारण माहिती हलतच नाही. दोन्ही नावे त्याच मजकुराकडे बोट दाखवतात. डिस्क बिघडली तर दोन्ही जातात. अशा प्रतीला बॅकअप म्हणता येत नाही.

म्हणजेच वेगाचा आकडा पुष्कळदा ‘झाले’ या शब्दाच्या अर्थावर ठरतो. घाईत पेनड्राइव्ह ओढून काढला, तर अर्धवट स्कॅन हाती घेऊन रुग्ण दुसऱ्या शहरातील डॉक्टरांपुढे बसतो आणि कदाचित पुन्हा तपासणीचा खर्च व किरणोत्सर्ग त्याच्या वाट्याला येतो. रुग्णालये आणि तपासणी केंद्रांनी प्रत ताडून पाहणारे साधन वापरावे, पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढावा आणि रुग्णासमोर एकदा उघडून दाखवावा. घरच्या फोटोंनाही हाच नियम लागू आहे: ‘कट’ न करता कॉपी करावी आणि प्रत पाहिल्यावरच मूळ पुसावे. त्यात जाणारी दोन-चार मिनिटे वाया गेली असे समजू नये.