आईचा डीएनए, बापाची जात

गेली काही वर्षे आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन वाक्ये आलटून-पालटून फिरत असतात. पहिले वाक्य सरसंघचालक मोहन भागवत यांचे. जुलै २०२१ मध्ये गाझियाबादच्या एका पुस्तक प्रकाशनात ते म्हणाले की सर्व भारतीयांचा डीएनए एकच आहे. दुसरे वाक्य आपल्या बाजूचे. २००१ च्या डीएनए अहवालाने ब्राह्मण विदेशी असल्याचे सिद्ध झाले, असे ते सांगते. पहिले आले की उत्तर म्हणून दुसरे पाठवायचे, असा जणू नियमच झाला आहे. दोन्ही वाक्यांच्या मागे खरे संशोधन आहे आणि दोन्ही वाक्ये त्या संशोधनाला न विचारता बोलतात. नाशिकच्या कार्यकर्त्यांनी तरी या भांडणात जरा थांबून पाहावे, कारण त्याचा एक जुना पुरावा आपल्या त्रिरश्मी लेणीच्या भिंतीवर कोरलेला आहे.

आधी विज्ञान. आपल्या पेशींमध्ये तंतुकणिका असतात, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया. खाल्लेल्या अन्नातून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा तयार करण्याचे काम त्या करतात. एका पेशीत त्या शेकडो, कधी हजारोही असतात. शाळेत 'पेशीचे ऊर्जाकेंद्र' एवढेच पाठ करून आपण पुढे गेलो, पण त्यांची खरी गंमत वेगळी आहे. त्यांच्याकडे स्वतःचा छोटा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा आणि ३७ जनुकांचा. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएत तीन अब्जांवर अक्षरे आहेत, म्हणजे त्या मानाने हा चिठ्ठीएवढा. ही चिठ्ठी फक्त आईकडून येते. शुक्रजंतूतल्या तंतुकणिका फलनानंतर नष्ट होतात, बीजांडातल्या टिकतात. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून, अशी ही रांग मागे जाते. मुलगा ती घेतो, पण पुढे देऊ शकत नाही. याच्या उलट वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जाते.

म्हणून वंशशास्त्रज्ञांना ही दोन साधने प्रिय झाली. एकात आईची सरळ रेषा दिसते, दुसऱ्यात बापाची. तंतुकणिकांच्या प्रती भरपूर असल्यामुळे हजारो वर्षांच्या हाडातूनही त्यांचा डीएनए मिळण्याची शक्यता जास्त. मात्र एक मर्यादा विसरता कामा नये. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमच्या वंशवृक्षावर १,०२४ जागा भरतात. तंतुकणिकेचा डीएनए त्यातल्या एकाच बाईबद्दल सांगतो. उरलेल्या १,०२३ जागांबद्दल तो गप्प असतो. 'माझा मायटोकॉन्ड्रियल डीएनए अमुक, म्हणून मी अमुक वंशाचा' हे वाक्य तिथेच कोसळते.

आता तो २००१ चा अहवाल. मायकेल बामशाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध 'जीनोम रिसर्च' या नियतकालिकात आला. नमुने होते आंध्रातल्या विशाखापट्टणम जिल्ह्यातले, आठ तेलुगू जातींतल्या अडीचशेच्या आसपास पुरुषांचे. महाराष्ट्रातला एकही नाही. निष्कर्ष असा की बापाच्या रेषेत वरच्या जाती युरोपीय लोकसमूहांच्या अधिक जवळ दिसतात, तर आईच्या रेषेत सगळ्याच जाती मुख्यतः आशियाई दिसतात. त्यातही जात जितकी वरची तितकी युरोपाकडची छटा थोडी जास्त. आपण पहिला अर्धा भाग भाषणात घेतला आणि दुसरा सोडून दिला.

दुसरा भाग साधा नाही. भारतात निम्म्याहून अधिक लोकांच्या तंतुकणिका 'एम' नावाच्या प्राचीन मातृगटातल्या आहेत. या गटाच्या कितीतरी शाखा याच भूमीत हजारो वर्षे वाढल्या. त्या ब्राह्मणात सापडतात, मराठ्यात सापडतात, आदिवासींत सापडतात, आपल्यातही. म्हणजे ज्याला आपण विदेशी म्हणतो त्याची आईकडची रेषाही बहुधा इथलीच. आणि उलट बाजूने, ज्या वाय गुणसूत्राला आर्यांची खूण मानले जाते ते आर-वन-ए आंध्रातल्या चेंचू या आदिवासी जमातीतही मिळाले आहे. या खुणेवर 'मूलनिवासी' ठरवायचे म्हटले तर किती जणांना ओळखपत्र नाकारावे लागेल, याचा विचार भाषणे देणाऱ्यांनी करावा.

याचा अर्थ भागवतांचे वाक्य बरोबर आहे असाही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन मोठे शोधनिबंध एकाच वेळी आले. एक हरियाणातल्या राखीगढीच्या एका बाईच्या सांगाड्यावर होता आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्याचे प्रमुख लेखक होते. सिंधू संस्कृतीतल्या त्या बाईच्या डीएनएत मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या पशुपालकांचा अंश नव्हता. दुसऱ्या निबंधाने दाखवले की तो अंश इसवी सनपूर्व २००० ते १५०० च्या सुमारास आला आणि आज ब्राह्मण व भूमिहार गटांमध्ये त्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त दिसते. स्थलांतर झाले होते. त्यात पुरुषांचा वाटा मोठा होता, हे वाय आणि तंतुकणिका यांच्यातल्या तफावतीवरून दिसते. तेव्हा सगळे एकाच साच्यातले, असे नाही. पण घटक तेच आणि प्रमाण वेगळे, एवढाच तो फरक आहे. 'डीएनए एक' या वाक्याचा न बोललेला उत्तरार्ध 'मग जात कशाला मोजता' असा असतो, म्हणून ते ऐकताना सावध राहायला हवे. २०२७ च्या जनगणनेत जात नोंदवली जाणार, हा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. ती नोंद हवी, कारण जमीन, नोकरी आणि मारहाण यांचे वाटप जातीने होते. रक्ताचा तिथे संबंध नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही वाट केव्हाच बंद केली होती. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात त्यांनी पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने वेगळे नाहीत, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया वेगळे नाहीत, असे मांडले. १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण' या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापाचे त्या काळचे आकडे घेऊन अस्पृश्यतेचा वंशसिद्धान्त खोडून काढला. ती मोजमापे आज कालबाह्य झाली आहेत, आजचे आकडे अधिक बारीक फरक दाखवतात. पण ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधातला त्यांचा मुख्य मुद्दा शंभर वर्षांनी जनुकशास्त्राच्या हाती लागला. जात म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. आणि ते टिकवायचे तर बाईवर पहारा हवा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा उगम त्यांनी तिथे शोधला.

२०१३ मध्ये प्रिया मूरजानी, हैदराबादच्या सीसीएमबीचे कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले लोकसमूह मोठ्या प्रमाणावर मिसळत होते. तथाकथित वरचे, खालचे, आदिवासी, सगळेच. नंतर हे मिसळणे जवळजवळ थांबले. २०१६ मध्ये पार्थ मजुमदार यांच्या गटाने वेगळ्या पद्धतीने हिशेब केला आणि अंदाज दिला सुमारे ७० पिढ्यांचा, म्हणजे साधारण गुप्तकाळाचा. तारखा तंतोतंत जुळत नाहीत, जुळण्याची अपेक्षाही नसावी. पण दोन्ही उत्तरे सांगतात की जात अनादि नाही. दरवाजा उघडा होता, तो कोणीतरी लावून घेतला.

आता त्रिरश्मीवर चला. तिसऱ्या क्रमांकाच्या लेणीत गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी तिने ही लेणी भदायनीय भिक्खुसंघाला दान दिली. लेखात आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची ती मनसोक्त स्तुती करते. त्यात शक, यवन, पल्हवांचा नाश आला आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवल्याचा गौरवही आला. बौद्ध भिक्खूंना दिलेल्या लेणीत हा गौरव! काळ इसवी सनाचे दुसरे शतक, म्हणजे मूरजानींच्या १,९०० वर्षांच्या अगदी जवळ. एका राजाच्या आज्ञेने देशभरची लग्ने बदलली, असे यातून सिद्ध होत नाही. पण संकर थांबवणे ही तेव्हा मिरवायची गोष्ट होऊ लागली होती, हे दगडावरच लिहिले आहे.

त्या घराण्याने स्वतः काय केले? कान्हेरीच्या एका लेखानुसार याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातल्या शक महाक्षत्रपाची मुलगी होती. ज्यांचा नाश केल्याची बढाई, त्यांच्याच घरची सून. त्रिरश्मीच्या दहाव्या लेणीचा दाता उषवदात शक, सतराव्या लेणीचा दाता उत्तरेकडून आलेला यवन. संघाने दान घेताना कोणाचा वंश विचारला नाही. आणि राजांची नावे पाहा: गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. ओळख आईच्या नावाने, गादी मात्र बापाकडून मुलाकडे.

तथागतांनी नेमका या दुखऱ्या नसेवर हात ठेवला होता. मज्झिम निकायातल्या अस्सलायन सुत्तात जन्माने श्रेष्ठ असल्याचा दावा करणाऱ्यांना विचारले जाते की तुमची आई, तिची आई, अशा सात पिढ्यांपर्यंतच्या बाया फक्त ब्राह्मणाकडेच गेल्या, हे तुम्हाला माहीत आहे का? उत्तर 'नाही' येते. प्रश्न आईच्या रेषेचा आहे, कारण शुद्धतेचा सगळा डोलारा तिच्यावरच्या पहाऱ्यावर उभा असतो. तो पहारा आजही जीव घेतो. १ जानेवारी २०१३ रोजी नगर जिल्ह्यातल्या सोनई येथे आंतरजातीय प्रेमसंबंधावरून तीन दलित तरुणांचे खून झाले. खटला नाशिकच्या सत्र न्यायालयात चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. आणि वधू-वर मेळाव्यात दबक्या आवाजात पोटजात विचारणारे आपले लोक? ते त्याच पहाऱ्यावर बिनपगारी उभे आहेत.

सरकारी कागदांकडे वळले की हा विषय लेणीतून थेट घरात येतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बंधनकारक झाले: बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. चांगला निर्णय आहे. पण तेच मूल मोठे होऊन जात पडताळणी समितीसमोर जाईल तेव्हा वंशावळ मागितली जाईल वडिलांकडची. वडील, आजोबा, काका, आत्या यांचे शाळा सोडल्याचे दाखले, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा. बापाने सोडून दिलेल्या किंवा आंतरजातीय लग्नातून आईने एकटीने वाढवलेल्या मुलाने हे कागद कोणाच्या दारात मागायचे?

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये रमेशभाई नायका प्रकरणात वाट दाखवली आहे. आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात वडिलांचीच, असे गृहीत धरता येईल, पण ते गृहीतक अंतिम नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या आईने वाढवले, तिच्या समाजात वाढलो आणि तेच हाल सोसले, हे मुलाने पुराव्याने दाखवले तर आईची जात मान्य होऊ शकते. न्यायालयाने इथे रक्त पाहिले नाही, वाढणे आणि सोसणे पाहिले. हा निकाल आपल्या किती तालुका कार्यकर्त्यांना माहीत आहे? डीएनए अहवालाचे फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येक ग्रुपवर या निकालाचे मराठी टिपण हवे. सोबत कागदांची यादीही हवी: आईचा जातीचा दाखला, तिचे वैधता प्रमाणपत्र असल्यास तेही, मूल आजोळी राहिल्याचे पुरावे, शाळेतल्या नोंदी, आईकडच्या वस्तीतल्या लोकांची शपथपत्रे. नाशिकमध्ये वकिली करणारे आपले तरुण आता थोडे नाहीत. दर महिन्याला एका रविवारी विहारात बसून एकट्या आयांची प्रकरणे तपासायला सुरुवात करता येईल. दाखला शाळेतच, अकरावी-बारावीच्या आधी काढून ठेवावा, कारण प्रवेशाच्या मुदतीत वंशावळीचे भांडण मिटत नाही.